सगळंच ऐकणाऱ्यांची अडचण

‘याचं संगीत कुठल्याच प्रकारात बसत नाही’ हे वाक्य हल्ली इतक्या कलावंतांबद्दल लिहिलं जातं की, प्रकारात न बसणं हाच एक प्रकार होऊन बसला आहे. रॅप करणारा मध्येच गिटार घेऊन आळवायला लागतो, अमेरिकी ग्रामीण परंपरेतल्या कंट्रीच्या गाण्याखाली हिप-हॉपचा ठेका वाजत असतो, पॉप गायिकेच्या एकाच अल्बमवर क्लबात नाचायचं हाऊस संगीतही असतं आणि ब्राझीलचा बोसा नोव्हाही. ऐकणाऱ्याला विचारावं, तुला काय आवडतं, तर उत्तर ठरलेलं: ‘मी सगळंच ऐकतो.’ हे उत्तर मनाच्या मोकळेपणाचं लक्षण मानलं जातं. मला त्याबद्दल शंका आहे.

संगीतप्रकारांमधल्या भिंती पडल्या म्हणून मी गळा काढायला बसलेलो नाही. त्यातल्या बऱ्याचशा पडायलाच हव्या होत्या. माझं म्हणणं एवढंच की, मिश्रणाची मजा ज्याला मुळातले घटक ओळखता येतात त्यालाच येते. आणि ही ओळख ऐकणाऱ्याच्या हातून हळूहळू सुटून दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात चालली आहे.

आधी भिंतींबद्दल, कारण त्या कुणी बांधल्या हे विसरून चालणार नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी आपल्या मालाचे दोन कप्पे केले. काळ्या ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि दक्षिणेतल्या गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी ‘हिलबिली’ किंवा ‘ओल्ड टाइम’. वाद्यं बरीचशी तीच होती, काही वेळा गाणीसुद्धा तीच. बॅन्जो आज गोऱ्या खेडुताचं वाद्य वाटतं; पण त्याचे पूर्वज गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर अटलांटिक ओलांडून आले. कंट्रीचा आद्य तारा, गोरा जिमी रॉजर्स याने १९३० मध्ये लॉस एंजेलिसला एक गाणं ध्वनिमुद्रित केलं, त्यात ट्रम्पेटवर काळा जाझ कलावंत लुई आर्मस्ट्राँग होता आणि पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. वाजवणाऱ्यांना एकमेकांची काही अडचण नव्हती. अडचण विकणाऱ्यांची होती: ही तबकडी कुठल्या यादीत टाकायची?

पुढे १९४९ मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या याद्या छापणाऱ्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ‘रेस रेकॉर्ड्स’ हे नाव काढून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव आणलं. ते सुचवणारा जेरी वेक्सलर तेव्हा तिथे पत्रकार होता. नाव सभ्य झालं, वाटणी मात्र होती तशीच राहिली. १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही लहान रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली आणि त्यांनी उरलेल्या जगाच्या संगीतासाठी ‘वर्ल्ड म्युझिक’ असा कप्पा ठरवला. हेतू अगदी साधा होता, दुकानदाराला रेकॉर्डी ठेवायला जागा मिळावी. पण त्या एका कप्प्यात माली, बल्गेरिया आणि पाकिस्तान शेजारी शेजारी येऊन बसले. ग्रॅमी देणाऱ्या संस्थेला या नावातला वसाहतवादी वास २०२० मध्ये जाणवला आणि पुरस्काराचं नाव ‘ग्लोबल म्युझिक’ झालं. वास गेला की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं.

भिंतीवर धडक कशी बसते याचं अलीकडचं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. २०१९ च्या मार्चमध्ये लिल नास एक्स या काळ्या रॅपरचं ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डच्या कंट्री यादीत आलं आणि लगेच काढलं गेलं. आजच्या कंट्री संगीताचे पुरेसे घटक त्यात नाहीत, असं कारण देण्यात आलं. गाण्यात बॅन्जो होता, घोडा होता, रस्ताही होता. गंमत अशी की तो बॅन्जो नाइन इंच नेल्स या इंडस्ट्रियल रॉक बँडच्या वादनातून उचललेला होता आणि त्यावरचा ठेका एका डच तरुणाने बनवून इंटरनेटवर ३० डॉलरला विकायला ठेवला होता. तेच गाणं मुख्य यादीत, म्हणजे ‘हॉट १००’ मध्ये, १९ आठवडे पहिलं राहिलं. तोवर एवढं कुणीच टिकलं नव्हतं. पाच वर्षांनी शबूझी या काळ्या गायकाचं ‘अ बार साँग’ आलं. त्यात २००४ च्या एका हिप-हॉप गाण्याचा मुखडा जवळजवळ तसाच गुंफलेला होता. तेही १९ आठवडे पहिलं राहिलं, आणि या वेळी कंट्रीच्या यादीतही पहिलं आलं. पाच वर्षांत बॅन्जो बदलला नव्हता की ठेका बदलला नव्हता. संपला होता तो अडवणाऱ्यांचा धीर.

ज्या वर्गवारीने माणसाचा रंग बघून त्याच्या गाण्याची जागा ठरवली, ती मोडली याचा आनंदच आहे. २०२० मध्ये रॅप अल्बमचं ग्रॅमी घेतल्यावर काळा कलावंत टायलर द क्रिएटर याने हेच बोलून दाखवलं होतं: आमच्यासारखे दिसणारे लोक काहीही वेगळं करोत, त्यांना रॅप किंवा ‘अर्बन’ (काळ्यांच्या संगीताला उद्योगाने दिलेलं सभ्य नाव) यांतच टाकतात. ज्या अल्बमसाठी त्याला ते मिळालं, त्यात रॅपपेक्षा गाणं जास्त होतं.

पण संगीतप्रकाराला दुसरीही एक बाजू असते, ती दुकानात सापडत नाही. वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात वर्षानुवर्षं मुरलेला तो एक करार असतो. ब्लूजमध्ये पहिली ओळ गायची, तीच थोडी वाकवून पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. ऐकणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून दुसऱ्या ओळीपाशी तो सावरून बसतो. जमैकातल्या रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चारांतला पहिला ठोका ड्रमवाला मुद्दाम सोडून देतो आणि तिसऱ्यावर वजन टाकतो. सवय नसलेल्या कानाला काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. सवय झालेला कान त्या रिकाम्या जागेवरच डोलतो. हाऊसमध्ये चार ठोके सरळ पडत राहतात आणि वरचे बदल इतके सावकाश होतात की, सहा-सात मिनिटं दिल्याशिवाय गाणं घडतच नाही. ते अडीच मिनिटांत कापून दिलं तर ठेका उरतो, हाऊस उरत नाही.

हे करार मोडण्यातच संगीताची बरीचशी गंमत आहे. पण करार माहीत नसेल तर तो मोडला हे कळणार कसं? काळा गायक रे चार्ल्स याने १९६२ मध्ये कंट्रीची गाणी घेतली आणि ती बिग बँड, तंतुवाद्यांचा ताफा आणि आपला गॉस्पेलमध्ये तयार झालेला आवाज यांच्या बळावर पुन्हा उभी केली. ऐकणाऱ्यांना धक्का बसला, कारण एकाही बाजूचं संगीत त्यांना अनोळखी नव्हतं. मूळ गाणं कुठे सुटलं आणि चर्चमधली आर्तता कुठे शिरली, ते त्यांना नेमकं ऐकू येत होतं. आजचा श्रोता तोच अल्बम ‘जुनी, संथ, छान गाणी’ म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. ध्वनी तेच आहेत. ऐकणाऱ्याकडचं अर्धं गाणं गळून गेलंय.

१९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. (हुर्यो गिटारसाठी होती की खराब ध्वनिव्यवस्थेसाठी, यावर साठ वर्षं वाद चालू आहे आणि तो मिटू नये असंच वाद घालणाऱ्यांना वाटत असावं.) हुर्यो उडवणारे चुकले, हा निकाल केव्हाच लागला आहे. तरी ते कान देऊन ऐकत होते, आपलं काहीतरी पणाला लागलंय असं समजून ऐकत होते, हे मान्य करायला हवं. आज कुणीही कुठलंही वाद्य घेऊन मंचावर यावं, कुणी हूं की चूं करत नाही. याला सहिष्णुता म्हणायचं की बेफिकिरी?

यावर जे उत्तर येईल ते मला माहीत आहे आणि ते हलकं नाही. आपल्या प्रकारावर जीव टाकणाऱ्यांनी दुसऱ्याच्या प्रकाराचा द्वेषही मनापासून केला आहे. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. रॉकप्रेमींची थट्टामस्करी म्हणून जे सांगितलं गेलं, त्याखाली काळे, लॅटिनो आणि समलिंगी यांच्या नाचघरांबद्दलचा राग होता, हे आज फारसं कुणी नाकारत नाही. अशा टोळ्यांपेक्षा ‘सगळंच ऐकतो’ म्हणणारी पिढी बरी, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. एवढंच सांगेन की, डिस्को जाळल्याने मेलं नाही. त्याच शहरातल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स तेच संगीत जोडून-ताणून वाजवत राहिला आणि त्यातून हाऊस निघालं. ते घडवणाऱ्यांना आपण काय वाजवतोय आणि ते कुठून आलंय, याची पक्की जाण होती.

शिवाय ‘सगळंच’ हा शब्द तपासून घ्यावा असा आहे. १९९६ मध्ये रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, अमेरिकेतल्या वरच्या वर्गाची अभिरुची बदलते आहे. पूर्वी फक्त अभिजात संगीताचा अभिमान मिरवणारे लोक आता अनेक प्रकार आवडतात असं सांगू लागले होते. त्याच वर्षी बेथनी ब्रायसन हिने प्रश्न उलटा करून पाहिला: या लोकांना काय आवडत नाही? शिकलेल्या लोकांना नावडते प्रकार कमी होते हे खरं. पण जे नावडते होते ते नेमके कमी शिकलेल्या श्रोत्यांचे प्रकार होते: हेवी मेटल, रॅप, कंट्री, गॉस्पेल. मोकळेपणाचीसुद्धा एक वरची जात तयार झाली होती. मधल्या काळात रॅप त्या यादीतून बाहेर आलं, इतरांचीही जागा हलली; पण ‘सगळंच ऐकतो, फक्त ते सोडून’ यातलं ‘ते’ अजून शिल्लक आहे. ज्याला आपण काय ऐकतो याची नावं सांगता येत नाहीत, त्याला आपण काय वगळतो हेही दिसत नाही.

‘सगळी गाणी सारखीच वाटतात’ ही तक्रार मी फार मनावर घेत नाही. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधली गाणी संगणकाने तपासली, तेव्हा स्वरांच्या जोडण्या आणि ध्वनींची विविधता कमी होत असल्याचं व आवाजाची पातळी वाढत असल्याचं त्यांना आढळलं. २०१५ मध्ये लंडनच्या अभ्यासकांनी १९६० ते २०१० मधली ‘हॉट १००’ची सुमारे १७,००० गाणी तपासली, तर अशी सरळ घसरण काही दिसली नाही. दिसल्या त्या १९६४, १९८३ आणि १९९१ मधल्या तीन मोठ्या उलथापालथी आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा एकसुरीपणाचा काळ, जो पुढे सरलाही. दोन्ही अभ्यास २०१० पाशी थांबतात, म्हणजे प्रकार खऱ्या अर्थाने मिसळायला लागले त्याच्या उंबरठ्यावर. हत्यारं सामायिक झाली आहेत हे मात्र कानाला कळतं. रोलंड कंपनीचं ८०८ हे ड्रम यंत्र १९८० ते १९८३ एवढंच बनलं, सुमारे १२,००० नग. आज त्याचा घुमणारा खालचा ठोका रॅपपासून कंट्रीपर्यंत कुठेही ऐकू येतो. गाणाऱ्याचा सूर दुरुस्त करणाऱ्या १९९७ च्या ऑटो-ट्यूनचंही तेच झालं.

हत्यारांपेक्षा मला काळजी वाटते ती नावांची. प्रकार संपले असं आपण म्हणतो, पण त्यांची नोंद ठेवणाऱ्यांनी ती कधीच बंद केलेली नाही. ग्लेन मॅकडॉनल्ड या अभियंत्याने स्पॉटिफायच्या विदेवरून (डेटावरून) एक नकाशा बनवला होता, त्यात ६,००० हून जास्त संगीतप्रकार होते. कुठल्याही काळात कुठल्याही रसिकाला माहीत नव्हते एवढे. म्हणजे यंत्राकडे सहा हजार नावं, आणि ॲप उघडणाऱ्यापुढे ‘चिल’, ‘फोकस’, ‘वर्कआउट’. प्रकारांची पानं असतात, नाही असं नाही. पण ती शोधायला जावं लागतं, आणि जो शोधायला जातो त्याला ती आधीच माहीत असतात. २०२३ च्या अखेरीस कंपनीच्या नोकरकपातीत मॅकडॉनल्ड बाहेर पडला आणि त्या नकाशात नवी भर पडणं थांबलं. कंपनीच्या आतली वर्गवारी काही थांबली नसणार.

मनःस्थितीवर बेतलेल्या याद्यांमध्ये वाईट काय, असं कुणी विचारेल. झोप येत नसताना रेगेचा इतिहास कुणाला हवा असतो? कबूल. पण ‘चिल’ या नावाने ऐकलेल्या गाण्याबद्दल पुढे काहीच विचारता येत नाही. बोसा नोव्हा म्हटलं तर रिओ दि जानेरो आहे, १९५० च्या दशकाचा शेवट आहे, सांबाचा ठेका हलका करून गिटारवर उतरवणारा जोआओ जिल्बेर्तो आहे. एका नावावरून माणूस दहा ठिकाणी जाऊ शकतो. ‘चिल’वरून फक्त पुढच्या ‘चिल’कडे जाता येतं. शिवाय श्रोत्याने गाणं पुढे ढकलू नये ही त्या यादीची मुख्य गरज असते. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय गाणं ऐकलं असं धरत नाहीत, मग त्या अर्ध्या मिनिटात कुठलाच करार मोडून चालत नाही. प्रकार मिसळतात ते अशा वेळी धाडसासाठी नव्हे. कुणाच्याच कानाला काही टोचू नये म्हणून कडा घासून टाकलेल्या असतात.

हा निव्वळ माझा संशय नाही. स्पॉटिफायच्याच संशोधकांनी टोरांटोचे संगणकशास्त्रज्ञ ॲश्टन अँडरसन यांच्यासह २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की, यंत्राच्या शिफारशींवर जास्त अवलंबून असणाऱ्यांचं ऐकणं कमी वैविध्याचं असतं, आणि काळाच्या ओघात ज्यांचं वैविध्य वाढतं ते शिफारशींपासून दूर जाऊन स्वतः शोधायला लागलेले असतात. शोधायचं तर काय शोधायचं त्याचं नाव लागतं.

भिंत पडली की मोकळं मैदान सगळ्यांना सारखंच मिळतं, हाही एक गोड समज आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात बिलबोर्डने प्रकारवार याद्यांचे नियम बदलले. कंट्रीच्या यादीसाठी त्याआधी कंट्री रेडिओ केंद्रांवरचं वादन धरत. आता सगळ्या रेडिओ केंद्रांवरचं वादन, डिजिटल विक्री आणि स्ट्रीमिंग धरू लागले. परिणाम असा की, पॉपच्या मोठ्या बाजारात चालणारं गाणं कंट्रीच्या यादीतही आपोआप वर जायला लागलं. बीबी रेक्सा ही पॉप गायिका आणि फ्लोरिडा जॉर्जिया लाइन ही कंट्री जोडी यांचं ‘मेंट टु बी’ तिथे ५० आठवडे पहिलं होतं. जवळपास वर्षभर! त्या काळात कंट्री ऐकणारे लोक खरोखर काय ऐकत होते, हे त्या पहिल्या जागेवरून कळायची सोय राहिली नाही. मिश्रण नेहमी मोठ्या बाजाराच्या अंगाने झुकतं आणि लहान प्रकाराचा ठेका किंवा हेल तेवढा शोभेला उरतो.

उलट दिशेने काय होतं तेही पाहावं. २०२५ च्या फेब्रुवारीत बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचंही. आदल्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला एकही नामांकन दिलं नव्हतं. काही महिन्यांतच ग्रॅमीच्या संस्थेने जाहीर केलं की, पुढच्या वर्षीपासून कंट्री अल्बमचे दोन पुरस्कार असतील, ‘कंटेम्पररी’ आणि ‘ट्रॅडिशनल’. आता या वाटणीत जुनी भिंत परत आली की एका परंपरेला तिचं नाव मिळालं, हे नामांकनांच्या याद्या काही वर्षं पाहिल्यावर कळेल. ‘ट्रॅडिशनल’मध्ये काळे कलावंत दिसले तर दुसरं, नाहीतर पहिलं.

ऐकणाऱ्याने करण्यासारखं म्हणाल तर एखाद्या मिसळलेल्या गाण्यातला एक धागा पकडून त्या प्रकारात थोडे दिवस मुक्काम करावा. सुरुवातीला सगळी गाणी सारखी वाटतील, कंटाळाही येईल. कुठल्याही प्रकाराचं असंच असतं. पण हे नुसतं श्रोत्याच्या शिस्तीवर सोडून देणं मला पटत नाही, कारण त्याच्या हाताशी धागाच ठेवलेला नसतो. गाण्याला आणि ऐकणाऱ्याला आतून कुठली लेबलं चिकटवली आहेत ती ॲपने दाखवावीत, आणि ऐकणाऱ्याला आपली लेबलं बदलता यावीत. लहान प्रकारांची यादी बनवताना त्या प्रकाराच्या श्रोत्यांचं ऐकणं वेगळं मोजावं. आज प्रत्येक वादनाची नोंद होत असताना हे १९४९ पेक्षा कितीतरी सोपं आहे. आणि गाण्याखाली त्याचं कुळ लिहावं: ठेका कुणाचा, तुकडा कुठून घेतला, वाजवलं कुणी.

जुन्या रेकॉर्डींच्या वेष्टणांवर हे सगळं असायचं असं सांगून मी उसासे टाकणार नाही, कारण ते अर्धंच खरं आहे. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांमागे वाजवणाऱ्या फंक ब्रदर्सची नावं छापली जायला १९७१ उजाडावं लागलं. आज मात्र माहिती नाही ही सबब उरलेली नाही. दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा घेतला तर परवानगी लागते, गीतकार-संगीतकारांचे वाटे टक्क्यांत ठरतात, आणि ते ठरल्याशिवाय कंपन्यांना पैसे वाटता येत नाहीत. हे कुळ करारपत्रांत आणि हिशेबाच्या वह्यांत बऱ्याच अंशी लिहिलेलं असतंच. पुरस्कार देणाऱ्या आणि याद्या छापणाऱ्या संस्थांनी प्रवेशिकेसोबत ते जाहीर करण्याची अट घातली, तर कंपन्या एका हंगामात ते करून दाखवतील.